सगळे पेपर सुटले, पण चार क्रेडिटसाठी निकाल अडकलाय : हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या पदवीचे नियम कुणाला माहीत आहेत का?

खारीगावची_माय | ११ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं इथे फक्त वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक बीबीए हेल्थकेअर मॅनेजमेंट करते. कॉलेज स्वायत्त आहे, नाव लिहीत नाही. २०२३ साली प्रवेश घेतला, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाची पहिलीच बॅच. सहाव्या सेमिस्टरचा निकाल सोमवारी लागला. सगळे पेपर सुटले, मेजरच्या, म्हणजे मुख्य, दोन विषयांत 'ए' आहे. पण ओजेटीसमोरचा रकाना कोरा आणि खाली शेरा, 'निकाल राखीव'. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, १२० तास.

पोरीने ते काम केलंय हो. मी डोळ्यांनी बघितलंय. पाच आठवडे सकाळी सव्वासातला डबा घेऊन निघायची, कळव्याहून ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची. नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात बिलिंगच्या काउंटरवर होती. शेवटी त्यांनी लेटरहेडवर पत्र दिलं, 'एक महिन्याची इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली.' बस, एवढंच. तारखा नाहीत, तास नाहीत. लॉगबुकच्या पहिल्या नऊ पानांवर तिथल्या सुपरवायझरची सही आहे. मग ते नोकरी सोडून गेले आणि पुढच्या पानांवर सही करायला कुणी तयार झालं नाही. ती बिचारी रोज लिहीत राहिली, सहीची जागा मोकळी सोडून.

आता कॉलेज म्हणतं, १२० तास सिद्ध होत नाहीत, पुढच्या सत्रात पुन्हा करा. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाची कागदपत्रं जुलैत तपासणार आहेत. म्हणजे चार क्रेडिटसाठी वर्ष जाणार.

मी बारावी शिकलेय, ब्लाउज शिवते. कॉलेजच्या नियमांची पुस्तिका ८६ पानांची आहे. झेरॉक्स काढून आणली आणि तीन रात्री वाचली. ऑर्डिनन्स, कंडोनेशन, एटीकेटी, निम्मं डोक्यावरून गेलं. कुणी जाणकार असेल तर सांगा, हे चार क्रेडिट सोडवायचे कसे?

ऐरोलीकर | ११ जून, रात्री ११.१५

ताई, धीर सोडू नका. आपल्याकडे परीक्षा विभागात काम केलेले एक काका आहेत, सकाळी येतील ते. धागा वर ठेवतो.

दप्तरदार_निवृत्त | १२ जून, सकाळी ६.५०

ताई, पहिली गोष्ट, 'राखीव' म्हणजे नापास नव्हे. एकतीस वर्षं परीक्षा विभागात काढली आणि या दोन शेऱ्यांची गल्लत करून रडत आलेली कितीतरी मुलं पाहिली. नापास असती तर रकान्यात 'एफ' आला असता. रकाना कोरा आहे याचा अर्थ कॉलेज अजून कागदाची वाट बघतंय. 'पुन्हा करा' हे तोंडी सांगितलंय ना? मग तो अजून निर्णय झालेला नाही. निर्णय लेखी मागा.

आता तुमच्या पुस्तिकेकडे येऊ. तुम्ही ती वाचलीत याचंच मला मोठं कौतुक वाटलं. तीन वर्षं कॉलेजात काढून ती एकदाही न उघडणारे शेकड्यांनी असतात.

क्रेडिट म्हणजे शेवटी तास. वर्गातल्या शिकवणीचे १५ तास झाले की एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे किंवा कामावरच्या प्रशिक्षणाचे ३० तास झाले की एक क्रेडिट. म्हणून चाराला १२०. 'एक महिना' या शब्दांवर परीक्षा विभाग काही करू शकत नाही, कारण रोज दोन तास येऊनही महिना भरतो आणि आठ तास येऊनही भरतो. कॉलेजने तास मागितले ते बरोबर आहे. मुलीची मेहनत खोटी आहे असं त्यात कुणी म्हणत नाहीये, फक्त कागद मुका आहे.

आपल्याकडे सेमिस्टरला २२ क्रेडिट, सहा सेमिस्टरचे १३२. तिचे १२८ झाले. हे चार किती जड असतात ते बघा. ग्रेडला गुणांक असतो, 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, असं उतरत 'पी'ला ४ आणि 'एफ'ला ०. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले गुणांक, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, की एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, आला. समजा बाकीच्या १८ क्रेडिटमध्ये सगळीकडे 'बी प्लस' आहे, म्हणजे १२६. ओजेटीला 'ए' मिळाला तर त्यात ३२ मिळवून १५८, भागिले २२, ७.१८. ओजेटीला शून्य धरलं तर १२६ भागिले २२, ५.७३. सगळे पेपर चांगले जाऊनही एवढा फरक पडतो.

पुस्तिकेत तुम्हाला ५०४२-ए, ५०४५-ए, २२९-ए असे आकडे दिसले असतील. हे मुंबई विद्यापीठाचे जुने ऑर्डिनन्स, म्हणजे परीक्षेचे नियम. गुणपत्रिकेवर '@' असेल तर ५०४२-एखाली पास होण्यासाठी ग्रेस दिलेले, '*' असेल तर ५०४५-एचं कंडोनेशन, म्हणजे थोडे कमी पडलेले गुण माफ, '#' असेल तर एनएसएस, एनसीसी, खेळ वगैरेंचे २२९-एचे गुण. हे सगळे गुणांचे नियम आहेत. हजेरीचे तास त्यातून भरून निघत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामागे लागू नका. तुम्हाला लागणार आहे तो हॉस्पिटलचा कागद.

तो आणूनही कॉलेजने ऐकलं नाही तर २०२३चे यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण नियम आहेत. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने अर्ज मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या विद्यार्थी लोकपालाकडे अपील. पण माझा सल्ला, आधी भांडायला जाऊ नका. अर्जाच्या दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

नेरूळ_ऑपरेशन्स | १२ जून, दुपारी १.२०

काकांनी कॉलेजची बाजू सांगितली, मी हॉस्पिटलची सांगतो. नवी मुंबईत हॉस्पिटल ऑपरेशन्समध्ये अकरा वर्षं झाली. आमच्याकडेही दर वर्षी अशी मुलं येतात. तुमच्या लेकीच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं, कारण चूक हॉस्पिटलची आहे. सुपरवायझर गेला तर त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या हवाली इंटर्न करायचे असतात. ते कुणी केलं नाही.

आता हे करा. बिलिंगला जाऊ नका, थेट एचआरकडे जा. बायोमेट्रिकवर बोट लावत होती का ती? लावत असेल तर आत आणि बाहेर जाण्याची वेळ मशीनमध्ये आहे, रिपोर्ट काढायला पाच मिनिटं लागतात. बायोमेट्रिक नसेल तर बिलिंगचं ड्युटी रोस्टर. तेही नसेल तर सिक्युरिटीचं गेट रजिस्टर. आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरला तिला लॉगिन दिलं असेल तर तिने काढलेल्या प्रत्येक बिलावर वेळ पडलेली आहे.

त्यावरून नवं पत्र मागा. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, एकूण किती तास, कोणता विभाग, काय काम केलं, हे सगळं यायला हवं. एक विनंती. लॉगबुकच्या बिनसहीच्या पानांवर कुणाकडूनही मागची तारीख टाकून सही घेऊ नका. कुणी तयार झालं तरी नको. नव्या प्रमुखाने 'बायोमेट्रिक नोंदीवरून पडताळले' असं लिहून आजच्या तारखेची सही करावी. हॉस्पिटलमध्ये आम्ही मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो की कागदावर मागची तारीख टाकायची नाही. ज्या पोरीला पुढे याच क्षेत्रात काम करायचंय, तिची सुरुवात तशी होऊ नये.

स्पष्ट_बोलतो_ठाणे | १२ जून, रात्री ९.०५

सगळं पटलं, पण एक मुद्दा कुणी मांडत नाहीये. पाच आठवडे त्या मुलीला एकाच काउंटरवर बसवलं. हे प्रशिक्षण आहे की फुकटचा माणूस? माझ्या पुतणीला एका ठिकाणी महिनाभर ओपीडीचे केसपेपर लावायला बसवलं होतं. १२० तास भरले, क्रेडिट मिळाले, शिकली काय तर आकड्यांप्रमाणे कागद लावायला. नियमात तास मोजतात, त्या तासांत काय झालं ते कोण मोजतं?

नेरूळ_ऑपरेशन्स | १२ जून, रात्री ११.३०

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला ते फार लागतं. माझ्या मते १२० तास मुळात कमीच आहेत, आणि तेही एका खुर्चीवर गेले तर हाती काही लागत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण हे वाचणाऱ्या मुलांना आपण काय मागायचं हेच माहीत नसतं.

एक डिस्चार्ज घ्या. सकाळी नऊला राउंडवर डॉक्टर म्हणाले, 'आज घरी सोडू.' नातेवाईक नऊपासून बॅग भरून बसलेत. आता डिस्चार्ज समरी, म्हणजे उपचारांचा गोषवारा, टाइप होणार, ती रेसिडेंट तपासणार, न वापरलेली औषधं वॉर्डातून फार्मसीत परत जाणार, त्यांचे पैसे वजा होणार, लॅबचं शेवटचं बिल चढणार, मग फायनल बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या एजन्सीकडे. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. पण हे घड्याळ आमची विनंती त्यांच्याकडे गेल्यावर सुरू होतं. त्याआधीचा वेळ आमचा असतो. बिलिंगवर बसलेल्या इंटर्नला नातेवाईकांचा राग दिसतो, राग कुठून आला ते दिसत नाही. ती फाइल हातात घेऊन एक दिवस वॉर्डापासून काउंटरपर्यंत चालली तर दिसतं, की समरी साडेअकराला टाइप झाली आणि औषधं परत यायला एक वाजला, कारण वॉर्डबॉय एकच होता. मॅनेजमेंट तिथे कळतं.

तसंच बायोमेडिकल वेस्ट. २०१६च्या नियमांतले चार रंग पुस्तकात सगळे पाठ करतात. पिवळ्यात शरीराचे भाग आणि रक्ताने माखलेलं ड्रेसिंग, लालमध्ये सलाइनच्या नळ्या आणि सुईविना सिरिंज, पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काच. परीक्षेत पूर्ण गुण. मग एकदा रात्रपाळीला वॉर्डात उभं राहा आणि बघा, लाल पिशवी संपल्यावर दमलेली सिस्टर नळी कुठे टाकते. पिशव्यांचा साठा रात्री कोण देतं, हा प्रश्न कोणत्याही पेपरात येत नाही.

सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलाशी आरोग्यमित्राजवळ, म्हणजे पेशंटची कागदपत्रं बघणाऱ्या योजनेच्या माणसाजवळ, दोन दिवस बसा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून माणूस पेशंटला तिथेच ठेवून धावत सुटतो, ते बघितलं की कागदाची किंमत आयुष्यभर विसरत नाही.

म्हणून मुलांनी कॉलेजकडे आग्रह धरावा, पत्र देतानाच विभागांची फिरती लिहून घ्या. बिलिंग, टीपीए, मेडिकल रेकॉर्ड, क्वालिटी, स्टोअर. पाच विभागांना २४ तास दिले तरी १२० होतात.

मेडिकल_रेकॉर्ड_घणसोली | १३ जून, सकाळी १०.१०

शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी रेकॉर्डमध्ये काम करते. पेशंटने स्वतःच्या कागदांची प्रत मागितली की ७२ तासांत द्यायची असते, आणि भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायचे असतात. आमच्याकडे आलेल्या मुलांना हे दोन आकडे शिकवले की मी त्यांना एक जुनी फाइल शोधायला लावते. पहिल्या दिवशी दीड तास लागतो. महिन्याच्या शेवटी दहा मिनिटं.

दुसऱ्यांदा_एफवाय | १३ जून, दुपारी ३.४५

मी विद्यार्थिनी आहे. मध्येच सोडून परत आलेली आहे, म्हणून माझंही लिहिते, कुणाला उपयोग होईल.

मीही २०२३च्या बॅचची, वेगळ्या कॉलेजची. पहिलं वर्ष झालं आणि बाबांचं डायलिसिस सुरू झालं. कॉलेज सोडलं. तेव्हा ऑफिसमधून सांगितलं की पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट मिळतं. मिळालं नाही. कारण नुसते वर्षाचे क्रेडिट पुरत नाहीत, बाहेर पडणाऱ्याला चार क्रेडिटचा वेगळा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा मी वाचलंही नव्हतं.

पण क्रेडिट बुडाले नाहीत. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये डिजिलॉकरवर दिसत होते. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची असते. गेल्या वर्षी परत आले, थेट दुसऱ्या वर्षाला. यूजरनेम तेव्हा घाबरून घेतलं होतं, वाटलं होतं पुन्हा एफवायपासून बसावं लागेल.

खारीगावच्या काकू, ताईला सांगा, घाबरू नकोस.

दप्तरदार_निवृत्त | १३ जून, संध्याकाळी ५.००

बाळ, परत आलीस हे फार चांगलं केलंस. बाबांची तब्येत कशी आहे आता?

दुसऱ्यांदा_एफवाय | १३ जून, संध्याकाळी ५.२०

आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं काका. त्या दिवशी मी सकाळची लेक्चर्स करून तिकडे जाते. हजेरीची भीती वाटते, ७५ टक्क्यांची.

दप्तरदार_निवृत्त | १३ जून, संध्याकाळी ६.१०

डायलिसिस सेंटरकडून वेळापत्रकाचं पत्र घे आणि ते आत्ताच, सत्र सुरू होतानाच प्राचार्यांना अर्जासोबत दे. हजेरी कमी पडल्यावर वैद्यकीय कागद घेऊन येणारे सगळेच असतात, त्यामुळे तेव्हा कुणी नीट ऐकत नाही. आधी दिलेल्या अर्जाचं वजन वेगळं असतं. उद्याच कर.

कोपरीचा_बाबा | १४ जून, सकाळी ९.३०

धागा वाचून डोळे उघडले. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, हाच कोर्स करायचा म्हणते. दोन प्रश्न. सीईटी लागते का? आणि ही पदवी पॅरामेडिकलमध्ये धरतात का? एका काउन्सेलरने तसं सांगितलं.

दप्तरदार_निवृत्त | १४ जून, सकाळी ११.००

ज्या पदवीच्या नावात बीबीए, बीएमएस, बीबीएम किंवा बीसीए आहे ती २०२४-२५पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेली, तेव्हापासून राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा लागते. काही कॉलेजांनी त्याच सुमारास कोर्सची नावं बदलून बी.कॉम.च्या छत्राखाली नेली, तिथे ती लागत नाही. म्हणून जाहिरातीवर जाऊ नका, पदवी प्रमाणपत्रावर नेमकं कोणतं नाव छापून येणार आहे ते लेखी विचारा.

मुलींच्या फीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण शिक्षण फी माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ते लागू नाही. नवी मुंबईत अशी विद्यापीठं बरीच आहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

मेडिकल_रेकॉर्ड_घणसोली | १४ जून, सकाळी ११.४०

पॅरामेडिकल नाही. ही व्यवस्थापनाची पदवी आहे, पेशंटवर उपचार करायचा अधिकार तिने मिळत नाही. २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात आमचं रेकॉर्डचं आणि कोडिंगचं काम 'हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट'खाली येतं, पण तो वेगळा अभ्यासक्रम झाला. काउन्सेलरला अभ्यासक्रमाची प्रत मागा, बोलणं आपोआप मवाळ होईल.

खारीगावची_माय | १७ जून, रात्री १०.१५

सगळ्यांना आधी नमस्कार. काल आम्ही दोघी हॉस्पिटलला जाऊन आलो.

एचआरचं ऑफिस तळघरात आहे. एक बाई होत्या, त्यांनी आधी 'पत्र दिलंय ना' म्हणून परत पाठवायचं बघितलं. मी नेरूळच्या दादांनी लिहिलेलं कागदावर उतरवून नेलं होतं, ते वाचून दाखवलं. बायोमेट्रिक म्हटल्यावर त्यांनी कॉम्प्युटर उघडला. दोन पानं निघाली. २७ दिवस, १३९ तास २० मिनिटं.

मी तिथेच खुर्चीत बसले. एकेक ओळ बघत होते. एका ओळीवर बोट थांबलं, आत सकाळी ८.०५, बाहेर रात्री ८.५०. मला ती रात्र आठवली. पोरगी पावणेअकराला घरी आली होती आणि मी दारातच तिला खूप बोलले होते. ती एवढंच म्हणाली होती, आई, काउंटरवर माणसं उभी होती. मी तेव्हा खरं मानलं नव्हतं. काल तिची माफी मागितली, ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर.

नव्या बिलिंग प्रमुखांनी लॉगबुक वाचलं, मध्ये मध्ये तिला प्रश्न विचारले आणि शेवटच्या पानावर कालच्या तारखेने सही केली. मागची तारीख नको, हे त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. नवं पत्र उद्या मिळणार आहे.

नेरूळ_ऑपरेशन्स | १७ जून, रात्री १०.४०

१३९! वा. काउंटरवर माणसं उभी होती म्हणून थांबली, ही मुलगी माझ्याकडे हवी होती.

खारीगावची_माय | २६ जून, रात्री ९.३०

अर्ज दोन प्रतींत दिला, आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. परीक्षा नियंत्रकांनी बुधवारी तिची तोंडी परीक्षा घेतली. आज निकाल बदलून मिळाला. ओजेटीला 'ए'.

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हिशेब मी स्वतः केला, मापाच्या वहीच्या मागच्या पानावर. दोन मेजरना 'ए', चार-चार क्रेडिट, ६४. बाकी दहा क्रेडिटना 'बी प्लस', ७०. ओजेटीचे ३२. बेरीज १६६, भागिले २२. ७.५५ आले. मार्कशीटवरही तेच आहे.

कोपरीच्या दादा, पत्रात काय काय लिहून घ्यायचं त्याचा मसुदा मी व्यवस्थित लिहून ठेवलाय, तुम्हाला निरोपात पाठवते. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशीच तो हॉस्पिटलच्या हातात द्या.

दप्तरदार_निवृत्त | २७ जून, सकाळी ६.४०

ताई, मनापासून आनंद झाला. एक काम राहिलंय. डिजिलॉकरमध्ये क्रेडिट बँक उघडून १३२ चढलेत का बघा. कॉलेजने दुरुस्त निकाल वर पाठवला नसेल तर तिथे अजून १२८च दिसतील, आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी अडचण येईल.

खारीगावची_माय | २७ जून, सकाळी ८.१०

१२८च दिसतात. आज जाते कॉलेजात.

खारीगावची_माय | २ जुलै, दुपारी २.५५

दिसले काका. १३२.